मतदारयादीचे लेखन आणि वाचन : शाहूवाडी तालुक्याच्या निमित्ताने काही विचार

'मतदार' हा शब्द आज इतका अंगवळणी पडला आहे की, त्याच्या घडणीकडे सहसा आपले लक्ष जात नाही. हिंदीत मत देणाऱ्यास 'मतदाता' म्हणतात. तेथे भर देण्याच्या क्रियेवर आहे. मराठीने मात्र 'मत' ह्या संस्कृत शब्दास 'दार' हा फारसी प्रत्यय जोडला आणि वतनदार, खातेदार, हक्कदार ह्यांच्या पंक्तीत मतदारास नेऊन बसविले. ह्या पंक्तीतील प्रत्येक शब्द काही तरी धारण करणाऱ्या माणसाचा वाचक आहे, आणि त्या धारण करण्याची नोंद कोणत्या ना कोणत्या दप्तरात झालेली असते. 'यादी' ह्या शब्दाचे मूळ फारसी 'याद' म्हणजे स्मरण हे होय. यादीच्या संदर्भात आपण जे 'दावा' आणि 'हरकत' हे शब्द वापरतो, ते अरबीतून फारसीच्या द्वारे दरबारी मराठीत आले. 'हरकत' म्हणजे मुळात हालचाल. मराठीत तिला अडथळा, आक्षेप असा अर्थ प्राप्त झाला. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. तथापि नोंद, दावा आणि हरकत ही तीन अंगे मतदारयादीत एकत्र नांदतात, ही गोष्ट केवळ शब्दांची नाही. मतदारयादी सर्वांस खुली ठेवण्याची जी पद्धत आपल्या कायद्याने स्वीकारली, तिचा हेतू लोकांचे कुतूहल शमविण्याचा नव्हता. यादी बरोबर करून घेण्याचा तोच उपाय होता. प्रस्तुत लेखात हे म्हणणे कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्याच्या दृष्टान्ताने मांडण्याचा विचार आहे.

शाहूवाडी हा जिल्ह्याच्या वायव्य अंगाचा डोंगरी तालुका. उत्तरेस वारणा, मधून कडवी, पश्चिमेस सह्याद्रीची धार आणि आंबा घाटातून कोकणात उतरणारा रस्ता. विशाळगड ह्याच तालुक्यात आहे, आणि विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे मलकापूर हेही ह्याच तालुक्यात. ही जहागीर कोल्हापूर संस्थानाच्या अधीन होती. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. ही तारीख आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जो मताधिकार आला, तो शेतसारा, कर इत्यादींच्या अटींनी बांधलेला होता. १९३५ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली, तरी ती ब्रिटिश हिंदुस्थानातील लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्श्यापलीकडे गेली नाही. आणि हे दोन्ही कायदे संस्थानी मुलखास लागू नव्हते. यास्तव इलाख्यातील एखाद्या सधन शेतकऱ्याचे नाव १९२० पासून मतदारयादीत असणे शक्य होते. शाहूवाडीच्या शेतकऱ्यास मात्र, तो सधन असो वा निर्धन, प्रांतिक कायदेमंडळाच्या मतदारयादीत स्थान नव्हते. प्रौढ मताधिकाराची पहिली यादी ह्या मुलखात आली ती पाटील आणि कूळ, पुरुष आणि स्त्री ह्या सर्वांस एकाच वेळी घेऊन आली.

त्या यादीच्या सिद्धतेची हकीकत उद्बोधक आहे. संविधान पुरे होण्यापूर्वीच, मार्च १९४८ मध्ये, संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांस व संस्थानांस याद्यांचे काम हाती घेण्यास कळविले. ज्या राज्यघटनेने मताधिकार द्यावयाचा, ती अस्तित्वात येण्यापूर्वी मताधिकाऱ्यांची मोजदाद सुरू झाली. ओर्नित शानी ह्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या कामाचा सविस्तर इतिहास दिला असून, याद्या करीत असतानाच सामान्य माणसे व कारकून ह्यांच्या अंगी लोकशाही मुरत गेली, असा त्याचा इत्यर्थ आहे. पुढे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने ह्या कामास कायमचा पाया मिळाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, म्हणजे १९५१-५२ मध्ये, देशातील याद्यांत १७ कोटी ३२ लाखांवर नावे होती. मतदाराचे वय त्या वेळी किमान २१ वर्षे असावे लागे. ते १८ वर आले १९८९ मध्ये.

ह्या पहिल्या यादीस जो सर्वांत मोठा अडसर आला, तो भाषेचा आणि रूढीचा होता. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांच्या अहवालावरून असे दिसते की, सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांनी आपले स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख दिली. अशा नोंदी यादीतून वगळण्यात आल्या. हा प्रकार मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथे घडला. मराठी मुलूख त्या नामावळीत नाही, ह्याचा अर्थ येथील स्त्री संकोचरहित होती असा नव्हे. पतीचे नाव उच्चारू नये ही रूढी येथेही बळकट होती. उखाण्याचा सारा प्रपंच त्याच रूढीच्या पोटी जन्मला. परंतु येथे लाज होती ती पतीचे नाव घेण्याची. शिवाय स्त्रीचे नाव, मग पतीचे, मग आडनाव अशी तीन पदांची रचना मराठीत रूढ असल्याने कागदावर स्त्रीच्या नावास पहिले स्थान होते. नामरचनेची ही घडण येथे यादीच्या उपयोगी पडली असावी, असे माझे अनुमान आहे.

त्याच घडणीने दुसरी अडचण मात्र निर्माण केली. विवाहाबरोबर स्त्रीच्या नावाची तिन्ही पदे बदलण्याची चाल आपल्याकडे होती. माहेरी एक नाव, सासरी दुसरे. गावाच्या बोलण्यात ती दोन्ही नावे एकाच व्यक्तीची म्हणून ओळखली जात; यादीस ते कळण्याचा मार्ग नव्हता. त्यामुळे एकच स्त्री माहेरच्या यादीत राहून जाई व सासरच्या यादीत नव्याने येई; किंवा माहेरचे नाव कमी होऊन सासरचे लागले नाही, तर दोन्हीकडून नाहीशी होई. हा दोष कारकुनास टेबलापाशी बसून सापडत नाही. तो सापडतो यादी वाचली जात असता ऐकणाऱ्यांस.

येथे आपण यादीच्या खुलेपणाच्या मूळ कारणापाशी येतो. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांप्रमाणे प्रथम प्रारूप यादी प्रसिद्ध करावयाची, लोकांस पाहता येईल अशा ठिकाणी ती ठेवावयाची, मान्यताप्राप्त पक्षांस तिच्या प्रती द्यावयाच्या आणि दावे व हरकती ह्यांसाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत ठेवावयाची, असा क्रम आहे. ज्याचे नाव नाही त्याने दावा करावा. ज्याचे नाव असू नये असे वाटते त्याच्याविषयी हरकत घ्यावी. हरकत घेणाराही त्याच यादीतील मतदार असला पाहिजे, आणि आलेले दावे व हरकती ह्यांची सूचीही कचेरीच्या फलकावर लावावी लागते. म्हणजे खुलेपणा दुहेरी आहे: ज्याच्या नावावर आक्षेप आला, त्यास आक्षेपकाचे नाव कळते. अंतिम यादी पाहण्याचा व ठरलेली फी भरून तिची साक्षांकित प्रत घेण्याचा अधिकारही नियमांनी कोणाही व्यक्तीस दिला आहे.

ही रीत शाहूवाडीच्या शेतकऱ्यास सर्वस्वी अनोळखी नव्हती. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी फेरफार नोंदवितो, त्याची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधीयांस हरकतीची संधी देतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही, १९६६ साली, हीच पद्धत सांगितली. सात-बाराचे चावडीवाचन त्याच परंपरेतले. महाराष्ट्रात अलीकडच्या काही पुनरीक्षणांच्या वेळी विशेष ग्रामसभा भरवून मतदारयादीचे वाचन करण्याचे ठरले, तेव्हा ह्या जुन्या रीतीचेच पुनरुज्जीवन झाले. इतर देशांचा अनुभवही असाच आहे. इंग्लंडात १८३२ च्या सुधारणा कायद्याने मतदारनोंदणी सुरू झाली, तेव्हा याद्या चर्चच्या दारावर लावीत आणि त्यांवरील हरकती ऐकण्यासाठी वकील नेमीत. चर्चचे दार काय आणि चावडी काय, दोन्ही स्थळांची निवड एकाच कारणाने झाली होती: ज्यांस माणसे ठाऊक आहेत, त्यांच्या दृष्टीसमोर नावे यावीत.

आता ह्या यादीचा उपयोग कोणकोणत्या कामी होतो ते पाहू. विधानसभेची यादी हीच ग्रामपंचायतीच्या व जिल्हा परिषदेच्या मतदारयाद्यांचा आधार असते. तिचे प्रभागवार भाग पाडले जातात. त्यामुळे मूळ यादीतील एक चूक सर्व निवडणुकांत झिरपते. पक्षांचे कार्यकर्ते ती घेऊन घरोघर जातात. जुन्या वर्षाची यादी अमुक माणूस अमुक गावी राहत होता ह्याचा एक लेखी आधार म्हणून पुढे करता येते. आणि जेथे लढत अटीतटीची असते, तेथे यादीतील एकेक नाव मोलाचे ठरते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शाहूवाडी मतदारसंघाचा निकाल अवघ्या ३८८ मतांच्या फरकाने लागला. एवढी नावे तालुक्यातील एखाददुसऱ्या वाडीच्या यादीत सहज भरतात.

अशा स्थितीत 'येथील रहिवासी कोण?' हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. शाहूवाडीच्या डोंगरी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे पोटासाठी मुंबईस गेली. गिरण्यांच्या काळात घरटी एखादा माणूस मुंबईस, म्हातारी माणसे व शेती गावी, आणि सणास व सुगीस ये-जा, अशी अनेक कुटुंबांची मांडणी असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. काही माणसे परतली, काही उपनगरांत पांगली. अशा माणसास गावचा मतदार म्हणावे की मुंबईचा? १९५० च्या कायद्याचे कलम २० ह्याबाबत दोन गोष्टी सांगते. केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही; आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणाचे रहिवासीपण जात नाही. ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तालुक्यातील कितीतरी कुटुंबे उभी आहेत. त्यांच्यापैकी कोण कायमचा गेला आणि कोण परत येणार आहे, हे ओळखपत्रावरून कळत नाही. शेजाऱ्यास विचारले तर कळते. तथापि शेजाऱ्याचे ज्ञान निर्मळच असते असे नाही. भावकीचे वैर व पक्षाचे राजकारण हरकतीच्या अर्जातही शिरू शकते. म्हणूनच आक्षेपकाचे नाव प्रकट करणे, ज्याचे नाव कमी करावयाचे त्याचे म्हणणे ऐकणे आणि खोटे कथन केल्यास शिक्षा, ही तीन बंधने कायद्याने घातली आहेत. नाव यादीत एकदा आले की ते योग्य रीतीनेच आले असे गृहीत धरावे आणि नोटीस व सुनावणीवाचून ते काढू नये, ह्या आशयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लालबाबू हुसेन प्रकरणात दिला आहे.

ज्यांस गावच उरले नाही, त्यांचा प्रश्न ह्याहून बिकट. वारणेच्या खोऱ्यात चांदोली येथे धरण झाले. १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. खोऱ्यातील गावे उठून अन्यत्र वसविण्यात आली. यादी ही घरांच्या क्रमाने लिहिलेली असते. घरे उठली की तिचा क्रमच मोडतो. जुन्या ठिकाणचे नाव कमी होणे आणि नव्या ठिकाणी लागणे ह्यांच्यात अंतर पडले, तर माणूस तेवढ्या काळापुरता कोठलाच मतदार राहत नाही. डोंगरमाथ्यावरील धनगरवाड्यांचीही अडचण ह्याच जातीची आहे. वाड्याची नोंद खालच्या गावात होते, आणि पावसाळ्यात त्या गावी उतरून फलकावरची यादी पाहून येणे हा दिवसभराचा प्रवास होतो. यादी खुली असते, पण ज्याने ती पाहावयाची त्याच्यापासून दूर असते.

नावांच्या लेखनाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु परिणामाने तो तसा नाही. शाहूवाडीत 'शित्तूर तर्फ मलकापूर' आणि 'शित्तूर तर्फ वारूण' अशी दोन गावे आहेत. 'तर्फ' हा जुन्या महसुली व्यवस्थेतील विभागाचा वाचक शब्द. ती व्यवस्था गेली, शब्द मात्र दोन शित्तुरांत भेद राखण्यासाठी टिकून राहिला. नोंद करताना कोणी घाईने नुसते 'शित्तूर' लिहिले, तर शेकडो वर्षांनी जपलेला भेद एका क्षणात पुसला जातो. माणसांच्या नावांचेही तसेच. ज्या गावात निम्म्याहून अधिक घरांचे आडनाव पाटील आहे, तेथे एकाच नावाचे, एकाच पितृनामाचे आणि जवळजवळ एकाच वयाचे दोन पुरुष असणे नवलाचे नाही. गाव त्यांस आळीवरून, मळ्यावरून, आजोबांच्या टोपणनावावरून ओळखते. संगणक साम्य शोधू लागला की त्यास हे दोघे एकच वाटतात. आणि खरोखर दोनदा नोंदलेला माणूस, त्याच्या नावाचे लेखन दोन ठिकाणी भिन्न झाले असेल, तर त्यास दोन माणसे वाटतात. त्यात लिप्यंतराची भर पडली आहे. रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण', 'द' आणि 'ड' ह्यांस एकच अक्षर. ऱ्हस्व 'अ' व दीर्घ 'आ' ह्यांसही बहुधा एकच. नाव मराठीतून रोमनमध्ये जाऊन परत मराठीत आले की 'काळे' चे 'काले' होते, 'माळी' चे 'माली'. ऐकणाऱ्यास ही चूक तत्काळ खटकते. यंत्राने शोधणाऱ्यास मात्र आपले नाव सापडतच नाही, आणि ते वगळले गेले की केवळ चुकीचे लिहिले गेले, हेही कळत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून याद्या संगणकावर आल्या आणि पुढे आंतरजालावर खुल्या झाल्या. शाहूवाडीची यादी आता मुंबईत बसून पाहता येते, हा फार मोठा लाभ आहे. परगावी असलेल्या माणसास तो पूर्वी नव्हता. पण त्याबरोबर वाचकाचे स्वरूपही पालटले. चावडीवर यादी वाचणारा ज्याचे नाव वाचतो त्यास ओळखत असे, आणि तोही वाचणाऱ्यास ओळखत असे. आज लाखो नावे, वये व नाती एकाच वेळी उचलून नेणारा कोणासच दिसत नाही. ह्या भीतीने निवडणूक आयोगाने आंतरजालावरील प्रतीत छायाचित्रे दिली नाहीत, आणि मजकूर यंत्रास शोधता येऊ नये म्हणून पानांच्या प्रतिमा देण्याचे धोरण ठेवले. मध्य प्रदेश व राजस्थानातील याद्या शोधता येण्याजोग्या स्वरूपात मिळाव्यात अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने ती अमान्य केली. इंग्लंडात २००१ साली वेकफील्ड येथील एका मतदाराने आपले नाव-पत्ता व्यापाऱ्यांस विकले जाते ह्याविरुद्ध दाद मागितली आणि तो यशस्वी झाला. त्यानंतर तेथे दोन याद्या झाल्या: एक निवडणुकीच्या कामापुरती पूर्ण, आणि दुसरी, जीतून मतदारास स्वतःचे नाव काढून घेता येते अशी, विक्रीसाठी. पूर्ण यादी तेथेही देखरेखीखाली पाहता येते. पाहणे आणि भरून नेणे ह्यांत तेथील कायद्याने भेद केला.

आपल्याकडील भेद मात्र उलट्या बाजूस झुकल्यासारखा वाटतो. पानांच्या प्रतिमांवरून पुन्हा मजकूर तयार करणे साधनसंपन्न संस्थेस कठीण नाही. कठीण जाते ते धनगरवाड्यावरील तरुणास, ज्यास आपल्या आईचे नाव भ्रमणध्वनीवर शोधावयाचे आहे. नावे झाकल्याने शंका मिटत नाहीत, ह्याचाही अनुभव अलीकडे आला. २०२४ मध्ये लोकसभा व विधानसभा ह्या दोन निवडणुकांच्या दरम्यान महाराष्ट्राच्या याद्यांत वाढलेल्या नावांविषयी विरोधी पक्षांनी जाहीर आक्षेप घेतले. आयोगाने ते फेटाळले. त्या वादात कोणाचे म्हणणे खरे हे ठरविणे ह्या लेखाचे काम नव्हे. परंतु असा वाद गावोगावी नाव-नाव तपासून मिटविता येण्याजोगा होता, आणि तो बहुतांशी एकूण बेरजांच्या आधारे चालला, एवढे नमूद करावयास हवे. २०२५ साली बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण झाले, तेव्हा प्रारूप यादीत पूर्वीची सुमारे ६५ लाख नावे नव्हती. १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करण्यास, ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधता येतील अशी ठेवण्यास आणि गावपातळीवरील कचेऱ्यांत लावण्यास सांगितले. माझ्या मते ह्या आदेशाचे महत्त्व असे की, त्याने उरलेल्यांच्या यादीइतकेच गेलेल्यांच्या यादीसही वाचनीय मानले.

ह्या विवेचनावरून एक निकष हाती येतो. यादी कोणत्या रूपात खुली असावी, ह्याचे उत्तर तंत्रज्ञानावर सोपवून चालणार नाही. ज्याचे नाव गेले त्यास व त्याच्या शेजाऱ्यास ते गेल्याचे मुदतीत कळते की नाही, हे पाहिले पाहिजे. ह्या निकषावर तीन गोष्टी इष्ट दिसतात. कमी करावयाच्या नावांची सूची कारणांसह प्रत्येक गावात आणि वाडीवर मोठ्याने वाचली जावी. एकेका मतदारास आपले व आपल्या कुटुंबाचे नाव मराठीत, लेखनभेदांसह, शोधता यावे. घाऊक प्रत मात्र घेणाऱ्याच्या नावाची नोंद करून आणि प्रयोजन विचारूनच मिळावी. आणि नावांचे लेखन गावाच्या उच्चाराप्रमाणे, मूळ मराठीवरूनच कायम करावे. ह्यांतील पहिली व तिसरी गोष्ट करण्यास नवा कायदा लागत नाही. वाचणारा आणि ऐकणारा एकत्र बसण्याची सोय लागते.

१९४९ पर्यंत शाहूवाडीच्या माणसाचे नाव सरकारी दप्तरात येई ते मुख्यतः सारा देणारा, कूळ किंवा वतनदार म्हणून. त्यानंतर प्रथमच ते कशाच्याही मालकीवाचून, केवळ प्रौढ रहिवासी म्हणून लिहिले गेले. त्याच्या बायकोचे नावही त्याच ओळींच्या खाली, स्वतंत्र अनुक्रमांकाने आले. मतदार ह्या शब्दातील 'दार' ह्या प्रत्ययाने जे धारण करणे सुचविले जाते, ते त्या अनुक्रमांकाहून निराळे नाही. म्हणून तो अनुक्रमांक जागेवर आहे ना, हे पाहण्याची सोय त्याच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे.